आजीचें छायाचित्र

बैठकीच्या भिंतीवर आजोबांची जी तसबीर लटकत असते ती पुष्कळ घरांत मूळची त्यांची एकट्याची नसते. कोणाच्या तरी लग्नांतील घोळक्यांतून, मुंजीच्या पंगतींतून किंवा एखाद्या ओळखपत्रावरून तेवढा चेहरा कापून, फुगवून आणि कडेनें ढगासारखी पांढरी झालर देऊन ती तयार केलेली असते. खांद्यावर शेजाऱ्याच्या हाताचीं दोन बोटें राहून गेलेलीं असतात. तीं रंगानें झांकलेलीं असतात. माणूस गेल्यावर तेराव्याच्या आंत तसबीर हवी म्हणून धांवाधांव होते, आणि ज्या घरांत नातवंडांचीं हजारों चित्रें मोबाइलमध्यें पडून आहेत त्याच घरांत ऐंशी वर्षांच्या आजीचें एकहि धड छायाचित्र सांपडत नाहीं. म्हाताऱ्या माणसाचें चित्र काढणें आपल्याला कांहींसें अवघड वाटतें, आणि खुद्द त्या माणसालाहि तें तसेंच वाटतें. "माझा कसला फोटो काढतोस आतां?" या एका प्रश्नापाशीं पुष्कळ कॅमेरे परत पिशवींत गेलेले आहेत. त्या प्रश्नाच्या पोटांत दुसरा एक न विचारलेला प्रश्न असतो, आणि तो भिंतीवरील हाराचा असतो, हें दोघांनाहि ठाऊक असतें.

हें काम कसें करावें आणि तें केल्यावर लोक जें बोलतात तें कसें ऐकावें, याविषयीं आज चार शब्द सांगण्याचा माझा विचार आहे. दुसरा भाग मला पहिल्याहून अधिक महत्त्वाचा वाटतो. पण पहिला समजल्यावांचून दुसरा समजत नाहीं.

प्रथम प्रकाशाचा विचार करूं. कॅमेऱ्याला सुरकुती दिसते ती तिच्या सांवलीमुळें. कातडीची घडी कितीहि खोल असली तरी प्रकाश जर कॅमेऱ्याच्या पाठीमागून सरळ चेहऱ्यावर पडत असेल तर त्या घडींत सांवली सांठत नाहीं, आणि सत्तर वर्षांचा चेहरा लाटलेल्या पोळीसारखा सपाट दिसतो. तोच प्रकाश एका बाजूनें तिरपा आला कीं प्रत्येक सुरकुती आपापली सांवली टाकूं लागते आणि तोच चेहरा नांगरलेल्या शेतासारखा दिसतो. चेहरा एकच, दिवस एकच. मध्यें गेलीं तीं फक्त दहा मिनिटें. तेव्हां म्हातारपण किती दाखवावयाचें हें पुष्कळसें चित्र काढणाऱ्याच्या हातीं असतें, आणि ती जबाबदारी त्यानें ओळखून घेतली पाहिजे.

प्रकाश कोठून येतो याइतकेंच तो केवढ्या जागेंतून येतो यालाहि महत्त्व आहे. उघडा दिवा लहान असतो. त्यानें पडलेल्या सांवलीची कड सुरीनें कापल्यासारखी असते. चार फूट रुंदीची खिडकी, तिच्याजवळ बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याच्या मानानें, फार मोठी असते. तिच्या एका कडेकडून आलेला प्रकाश दुसऱ्या कडेच्या प्रकाशानें पडलेली सांवली थोडीशी भरून काढतो, आणि सुरकुत्या नाहींशा न होतां मऊ होतात. म्हणून आजीला खिडकीपासून तीन-चार फुटांवर, चेहरा अर्धवट खिडकीकडे करून बसवावें आणि दुसऱ्या बाजूस खुर्चीच्या पाठीवर एखादें पांढरें धोतर किंवा चादर टाकावी, म्हणजे तिकडचा गाल अगदींच अंधारांत जात नाहीं. उत्तरेकडील खिडकी यासाठीं उत्तम. मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत सकाळ-संध्याकाळ तीतूनहि थोडें तिरपें ऊन येतें, एवढें सांभाळावें म्हणजे झालें. छतावरच्या ट्यूबलाइटखालीं मात्र वृद्ध माणसाला कधींहि बसवूं नये. वयाबरोबर डोळ्यांभोवतींचें मांस कमी होऊन खोबणी खोल होतात, पापण्या खालीं उतरतात. वरून पडणारा प्रकाश तेथवर पोंचत नाहीं आणि डोळ्यांच्या जागीं दोन काळे डाग उरतात.

उन्हाकडे तोंड करून बसविणेंहि वाईटच. म्हातारपणीं बाहुली लहान होते, डोळ्यांतील भिंग पिवळट व गढूळ होऊं लागतें आणि झगझगीत उजेड सोसवत नाहीं. मोतीबिंदूची सुरुवात झालेली असेल तर हा त्रास फारच वाढतो. अशा माणसाला "डोळे नीट उघडा" म्हणून सांगणें म्हणजे पायांत कांटा मोडलेल्या माणसाला चालून दाखव म्हणण्यासारखें आहे. मोतीबिंदू काढून कृत्रिम भिंग बसविलेलें असेल तर कधीं कधीं चित्रांत त्या डोळ्यांत एक निराळीच चमक येते. डोकें थोडेंसें वळविलें कीं ती जाते.

चष्म्याविषयीं बराच गैरसमज आहे. नेहमीं चष्मा घालणाऱ्याला तो काढावयास लावणारे पुष्कळ आहेत. तसें करूं नये. नाकावर दोन खळगे उघडे पडतात, आणि नजर कशावरच ठरत नसल्यामुळें डोळे हरवल्यासारखे दिसतात. कांचेवर खिडकी चमकत असेल तर उपाय सोपा आहे. प्रकाश ज्या कोनानें कांचेवर आदळतो त्याच कोनानें परततो. म्हणून चष्म्याच्या काड्या कानांवरून अर्धें बोट वर उचलल्या कीं कांचा किंचित् खालीं झुकतात आणि ती चमक कॅमेऱ्याला चुकवून जमिनीकडे जाते. केंसांत काड्या झांकून जातात. कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं.

आतां अंतर. हा सगळ्यांत अधिक दुर्लक्षिलेला विषय आहे. कॅमेरा नाकापासून एक फुटावर धरला तर कान त्याहून सुमारें पांच इंच मागें असतो. म्हणजे नाकाच्या मानानें कान चाळीस टक्क्यांहून अधिक दूर असतो आणि त्या प्रमाणांत लहान दिसतो. नाक पुढें येतें, कपाळ फुगतें, गाल मागें पळतात. तोच कॅमेरा पांच फुटांवर नेला तर हा फरक बाराव्या हिश्शाइतकाच राहतो आणि चेहरा आपल्याला समोरासमोर बोलतांना दिसतो तसा दिसतो. आजच्या मोबाइलचें मुख्य भिंग रुंद दृश्य टिपणारें असतें. त्यांत चेहरा लहान दिसतो म्हणून मनुष्य पुढें पुढें सरकत जातो, आणि तेथेंच घात होतो. वृद्धांच्या बाबतींत तो दुप्पट होतो, कारण वयाबरोबर नाकाचें टोंक खालीं उतरतें व तें लांब भासूं लागतें. त्यांत जवळच्या भिंगानें आणखी भर घातली कीं ओळखीच्या माणसाची नक्कल तयार होते. पांच-सहा फुटांवर उभें राहावें. मोबाइलमध्यें दूरचें भिंग असल्यास तें वापरावें. नसल्यास मागाहून चित्राच्या कडा कापाव्या.

आणि उभें राहावें असें म्हटलें खरें, पण बसलेल्या आजीसमोर उभें राहूं नये. कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर यावा म्हणून आपण खालीं बसावें. वरून पाहिलेला वृद्ध मनुष्य लहान आणि केविलवाणा दिसतो. पाठीला बांक असला तर तो अधिकच जाणवतो.

बाकीच्या तांत्रिक गोष्टी थोडक्यांत सांगतों. पांढरें लुगडें आणि पांढरे केंस दिसले कीं कॅमेऱ्याचा प्रकाशमापक फसतो; त्याला वाटतें उजेड फार झाला, आणि तो सगळेंच चित्र काळवंडून टाकतो. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट टेकून प्रकाश चेहऱ्याचाच मोजावयास लावावा. हात कांपत असतील तर शटरची गति एका सेकंदाच्या सव्वाशाव्या भागाहून मंद ठेवूं नये. आणि पुष्कळ मोबाइल, आपण न सांगतां, चेहरा गुळगुळीत करून देतात. ती सोय शोधून बंद करावी. ऐंशी वर्षांच्या चेहऱ्यावर वीस वर्षांची कातडी पाहून मला तरी कसेंसेंच होतें.

इतकें सारें साधलें तरी समोरचें माणूस ताठरच बसणार. याचें कारण जुनें आहे. १८३९ सालीं छायाचित्रणकला जगापुढें आली तेव्हां एका चित्राला कित्येक मिनिटें लागत. १८५१ नंतर ओल्या कांचेची रीत निघाली तरी कांहीं सेकंद निश्चल बसावें लागेच. मान हलूं नये म्हणून डोक्यामागें लोखंडी आंकडा लावीत. हंसूं इतका वेळ टिकत नाहीं, म्हणून कोणी हंसत नसे. मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालींच स्थापन झाली आणि भाऊ दाजींचे बंधु डॉक्टर नारायण दाजी तिच्या कार्यकर्त्यांपैकीं होते. म्हणजे ही कला आपल्याकडे येण्यास विलंब लागला नाहीं. पण कॅमेरा घरोघर येण्यास आणखी शतकाहून अधिक काळ गेला. आज ज्या आजी ऐंशीच्या पुढें आहेत त्यांच्यापैकीं कित्येकांच्या आयुष्यांत स्टुडिओंत जाण्याचा प्रसंग एकदां किंवा दोनदां आला असेल, आणि तेथें "हलूं नका" एवढीच आज्ञा त्यांनीं ऐकलेली असेल. ती त्या अजून पाळतात.

यावर उपाय कोणता, तें सेवाग्रामला सांपडतें. नात्यानें गांधीजींचे नातू लागणारे कनु गांधी यांना छायाचित्रें काढण्याची हौस होती. घनश्यामदास बिर्लांनीं कॅमेऱ्यासाठीं शंभर रुपये दिले आणि गांधीजींनीं परवानगी दिली ती तीन अटींवर: झगझगीत दिवा वापरावयाचा नाहीं, असें बसा तसें पहा म्हणून सांगावयाचें नाहीं, आणि आश्रमाचा पैसा मागावयाचा नाहीं. तिसरी अट सोडून द्या. पहिल्या दोन अटी कोणत्याहि घरांतल्या नातवाला भिंतीवर लिहून ठेवण्यासारख्या आहेत. दिवा नाहीं म्हणून खिडकी शोधावी लागते. हुकूम नाहीं म्हणून वाट पाहावी लागते. कनु गांधींच्या चित्रांत जो सहजपणा आहे तो या दोन बंधनांतून आलेला आहे असें माझें मत आहे. याच्या उलट उदाहरण १९४६ सालचें. अमेरिकन छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट गांधीजींचें चरख्यासह चित्र काढण्यासाठीं पुण्यास आल्या, तेव्हां त्यांना प्रथम स्वतः सूत कांतावयास शिकावें लागलें. खोलींत अंधार होता आणि दिव्याच्या झोतास मोजक्याच वेळां परवानगी होती. तें चित्र जगप्रसिद्ध झालें, आणि फार सुंदर आहे. परंतु त्यांतले गांधीजी एका पाहुण्या बाईला दिसलेले आहेत. नातवाला दिसतात ते निराळे.

तेव्हां आजीला कांहीं तरी काम करूं द्यावें. मेथी निवडणें, वाती वळणें, जुन्या चिठ्ठ्या चाळणें, जें ती रोज करते तें. हात गुंतले कीं चेहरा मोकळा होतो. शिवाय हात चित्रांत येतात, आणि वृद्ध माणसाचे हात चेहऱ्यापेक्षां अधिक बोलतात. मात्र तीं चित्राच्या कडेनें मनगटांत तुटूं देऊं नयेत. एक तर पुरे घ्यावे किंवा मुळींच घेऊं नयेत.

येथवर चित्र झालें. आतां तें लोकांना दाखवावयाचें.

माझ्या ओळखीच्या एका तरुणानें डोंबिवलीच्या आपल्या बिऱ्हाडांत शहाऐंशी वर्षांच्या आजीचें छायाचित्र काढलें आणि तें एकेकाला दाखविलें. त्यावर झालेलें बोलणें मीं बरेंचसें स्वतः ऐकलें आहे, म्हणून तें उदाहरण घेतों. चित्रांत आजी पलंगावर बसली होती, डोक्यावर ट्यूबलाइट, पाठीमागें फ्रीज. काका म्हणाले, "छान आहे." आई म्हणाली, "थकल्यासारख्या दिसतात." आत्यानें चित्र बराच वेळ हातांत धरलें आणि म्हणाली, "आई इतकी म्हातारी कधी झाली?" पन्नास वर्षें छायाचित्रें काढीत आलेले एक वृद्ध गृहस्थ होते; त्यांनीं विचारलें, "हात कुठं आहेत?" आणि मग, "फ्रीजचा फोटो काढायचा होता का?"

या चार अभिप्रायांची किंमत सारखी नाहीं. "छान आहे" हा अभिप्राय प्रेमाचा आहे, उपयोगाचा नाहीं. अनुभवी गृहस्थांचा अभिप्राय सरळ कामाला लावतां येतो; पुढच्या वेळीं फ्रीज टाळला आणि हात घेतले कीं झालें. पण अधिक मोलाचे आहेत ते मधले दोन, आणि नवशिका नेमके तेच वाऱ्यावर सोडतो, कारण त्यांत छायाचित्रणाचा एकहि शब्द नसतो. "थकल्यासारख्या दिसतात" हें वाक्य आजीविषयीं आहे असें वाटतें. तें वस्तुतः ट्यूबलाइटविषयीं आहे. वरच्या प्रकाशानें डोळे खोल गेले, गालांखालीं सांवल्या पडल्या, आणि रोज त्याच आजीला पाहणाऱ्या सुनेला ती थकलेली वाटली. आत्याचें वाक्य कॅमेऱ्याच्या उंचीविषयीं होतें. नातवानें उभ्यानें चित्र काढलें होतें. आत्या आपल्या आईकडे तशी वरून कधींच पाहत नाहीं. घरच्या माणसांना कारण सांगतां येत नाहीं, परिणाम मात्र अचूक सांगतां येतो. वैद्यापुढें रोगी "पोटांत दुखतें" एवढेंच म्हणतो. कोठें आणि कशानें हें वैद्यानें शोधावयाचें असतें. चित्र काढणाऱ्याची जागा येथें वैद्याची आहे, आणि म्हणून त्यानें वाद घालूं नये. "अहो, खोलींत उजेडच नव्हता" हें उत्तर खरें असलें तरी चित्राबरोबर भिंतीवर टांगतां येत नाहीं.

विचारावयाचें तेंहि नीट विचारावें. "कसा आहे?" असें विचारलें कीं "छान" हेंच उत्तर यावयाचें. "प्रथम तुमची नजर कोठें गेली?" असें विचारून पहा. दहापैकीं सहा जणांनीं फ्रीज म्हटलें तर फ्रीजच चित्राचा नायक आहे.

तो तरुण दुसऱ्यांदा बसला तेव्हां स्वयंपाकघराची खिडकी, समोर मेथीची जुडी आणि बोलण्यांत आजीचें माहेर. आजीनें मान वर केली त्या क्षणीं चित्र घेतलें. मागाहून त्यानें तें कृष्णधवल केलें, काळें अधिक काळें आणि पांढरें अधिक पांढरें केलें, आणि जाणकारांना दाखविलें. सगळे खूष झाले. सुरकुत्यांची जाळी, खिडकीचा प्रकाश, बोटांच्या पेरांतला हिरवा डाग काळा होऊन उठून दिसत होता. मग त्यानें चित्र आजीला दाखविलें. चष्मा सावरून तिनें पाहिलें आणि म्हणाली, "अगंबाई, या तर माझ्या सासूबाई!" सगळे हंसले. (साठ-पासष्ट वर्षें एका घरांत राहिल्यावर सासू-सुना एकमेकींसारख्या दिसूं लागतात असें मला पुष्कळदां वाटलेलें आहे, पण तें असो.) तरुण हंसला नाहीं, त्यानें विचारलें, असें कां वाटतें? आजी म्हणाली, "माझं गोंदण कुठं गेलं?"

तिच्या कपाळावर लहानपणीं गोंदविलेला हिरवट ठिपका होता. तिच्या पिढीच्या कितीतरी बायकांच्या कपाळावर, हनुवटीवर असें गोंदण आहे. पुढच्या पिढींत तें जवळजवळ नाहींसें झालें. रंग काढून टाकल्यावर तो हिरवटपणा गेला, काळें गडद केल्यावर तो ठिपका शेजारच्या आठीच्या सांवलींत मिसळला, आणि कपाळ कोणा दुसरीचें झालें. जाणकारांपैकीं एकालाहि तें दिसलें नव्हतें, कारण तें तेथें असावें हें त्यांना ठाऊकच नव्हतें. तिसरें चित्र त्यानें रंगांत ठेवलें, पांढरी चादर जवळ सरकवून सांवली मऊ केली, आणि गोंदण आलें. जाणकारांना हें तिसरें चित्र दुसऱ्याइतकें आवडलें नाहीं. मला तें तिन्हींत सरस वाटतें.

येथें एका खोडीविषयीं स्पष्ट बोलणें आवश्यक आहे. छायाचित्रांच्या प्रदर्शनांतून सुरकुतलेल्या वृद्धांचा एक ठराविक सांचा होऊन बसला आहे: फेटा, विडीचा धूर, अंधारी पार्श्वभूमि आणि भेगाळलेल्या जमिनीसारखा चेहरा. त्यांना बक्षिसें मिळतात, म्हणून तीं पुन्हां निघतात. अशा चित्रांतला म्हातारा कोणाचाच आजोबा नसतो. परीक्षकानें सुरकुत्यांची वाहवा केली तर नातवानें सावध व्हावें. ती वाहवा कातडीची आहे, माणसाची नव्हे.

याचा अर्थ सुरकुत्या झांकाव्या असा मात्र नाहीं. जर्मन चित्रकार आल्ब्रेश्त ड्यूरर यानें १५१४ सालच्या मार्चमध्यें आपल्या त्रेसष्ट वर्षांच्या आईचें कोळशानें चित्र काढलें. अठरा मुलांना जन्म दिलेली ती बाई त्यांत हाडांच्या सांपळ्यासारखी दिसते; मानेच्या शिरा ताणलेल्या, डोळे ताठरलेले. त्यानें कांहीं म्हणतां कांहीं सौम्य केलें नाहीं. मे महिन्यांत ती वारली, आणि त्यानें चित्रावर तशी नोंद केली. पांचशें वर्षें झालीं तरी तें चित्र पाहून कोणाला बाईची कींव येत नाहीं. पाहणारा तिच्याकडे आदरानें पाहतो. सुरकुत्या दाखविण्याची हौस आणि आई दाखविण्याची ओढ यांत अंतर आहे, आणि तें ड्यूररच्या रेघेरेघेंत दिसतें.

आजीच्या "ही मी नव्हे" या उद्गारामागें आणखी एक साधें कारण असूं शकतें. आपला चेहरा आपण जन्मभर आरशांत पाहतों, म्हणजे उलटा पाहतों. भांग डाव्या बाजूचा असला तर आरशांतहि तो आपल्या डाव्या हातालाच दिसतो. छायाचित्रांत तो दुसऱ्या बाजूस जातो. १९७७ सालीं अमेरिकेंत मिटा, डर्मर आणि नाइट या तिघां संशोधकांनीं कांहीं स्त्रियांचीं छायाचित्रें सुलटीं आणि उलटीं अशीं दोन्हीं प्रकारें छापून दाखविलीं. त्या स्त्रियांना स्वतःचें आरशांतल्यासारखें उलटें चित्र अधिक पसंत पडलें, आणि त्यांच्या मैत्रिणींना सुलटें. जें नित्य पाहण्यांत आहे तेंच बरें वाटतें. त्यांतून म्हातारपणीं तोंडाची एक बाजू दुसरीपेक्षां अधिक ओघळते, दांत गेलेले असतात, आणि दोन्हीं बाजूंतील फरक वाढलेला असतो. तेव्हां आजीनें नाक मुरडलें तर तेंच चित्र उलटवून एकदां दाखवून पाहावें. पुष्कळदां तेवढ्यानेंच समाधान होतें. झालें, तर तक्रार आरशाची होती. न झालें, तर गोंदणासारखें कांहीं तरी हरवलेलें आहे, तें शोधलें पाहिजे.

टीका कधीं मानूं नये, याचेंहि एक उदाहरण आहे. इंग्लंडांत जूलिया मार्गारेट कॅमेरन या बाईला १८६३ सालीं, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं, लेकीनें आणि जांवयानें कॅमेरा भेट दिला. तिचीं चित्रें किंचित् अस्पष्ट असत, आणि त्या काळच्या छायाचित्रणाच्या नियतकालिकांनीं त्यावरून तिला पुष्कळ झोडपलें. तिनें तिकडे लक्ष दिलें नाहीं. १८६७ सालीं तिनें ज्योतिर्विद सर जॉन हर्शेल यांचें चित्र काढलें. पंचाहत्तर वर्षांचे हर्शेल, विस्कटलेले पांढरे केंस, अंधारांतून पुढें आलेले पाणीदार डोळे. छायाचित्र पक्कें करणाऱ्या द्रवाचा गुण १८१९ सालीं ज्यांनीं शोधून काढला तेच हे गृहस्थ, आणि ती बाई त्यांना वर्षानुवर्षें ओळखत होती. टीकाकारांना फोकस दिसत नव्हता. बाईला काय दिसत होतें तें आज सगळ्यांना दिसतें. पण हें उदाहरण नवशिक्यानें ढालीसारखें वापरूं नये. ती बाई आपल्याला काय हवें तें जाणून होती. हात हलून पुसट झालेलें चित्र आणि तिचें चित्र यांत गोंधळ होण्याचें कारण नाहीं.

आणि ज्याचें चित्र त्याचा शब्द शेवटचा असावा काय? विन्स्टन चर्चिल यांच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त ३० नोव्हेंबर १९५४ रोजीं ब्रिटिश पार्लमेंटनें त्यांना ग्रॅहॅम सदरलंड यांनीं रंगविलेलें त्यांचें चित्र अर्पण केलें. खुर्चीचे हात धरून बसलेला, ओझ्याखालीं दबलेला म्हातारा त्यांत होता. चर्चिलना तें मुळींच आवडलें नाहीं. पुढें त्यांच्या पत्नीच्या इच्छेनें तें नष्ट करण्यांत आलें, आणि ही गोष्ट १९७८ सालीं बाहेर आली. कलेच्या दृष्टीनें हानि झाली यांत शंका नाहीं. तरीपण माझा कौल घरच्या बाबतींत म्हाताऱ्यांच्या बाजूनें आहे. आजीनें "हें कोणाला दाखवूं नको" म्हटलें तर दाखवूं नये. कुटुंबाच्या मोबाइल-गटावर तर नाहींच नाहीं. जें चित्र तिला पसंत तें भिंतीसाठीं, जें तुम्हांला पसंत तें तुमच्या खणांत. स्मृति क्षीण होऊं लागलेल्या माणसाच्या बाबतींत हें विचारण्याची घटका फार लौकर निघून जाते, आणि रुग्णालयांतील नळ्यांसह काढलेलें चित्र ही कोणाचीच शेवटची तसबीर होऊं नये.

मागाहून चित्र सुधारतांना एक साधी कसोटी लावावी. जें पुढच्या महिन्यांत चेहऱ्यावर नसेल तें पुसण्यास हरकत नाहीं: सुईचा डाग, सर्दीनें लाल झालेलें नाक, लुगड्यावर सांडलेला चहा. तीळ, वण, गोंदण आणि सुरकुत्या यांना हात लावूं नये. पडलेला दांत तर मुळींच बसवूं नये. नातवंडांना ती फट ओळखीची असते.

शेवटीं चित्र कागदावर छापून घ्यावें. मोबाइल बदलतात, हरवतात, त्यांतलें चित्र कोणत्या तारखेच्या खालीं गाडलें गेलें तें कोणाला कळत नाहीं. छापील प्रतीच्या पाठीमागें आजीचें माहेरचें व सासरचें नांव, गांव, वय, तारीख आणि जागा लिहावी. ती मऊ शिसपेन्सिलीनें, कडेला, हलक्या हातानें लिहावी. शाई कालांतरानें कागदांतून पुढच्या बाजूला उतरते, आणि बॉलपेन दाबून लिहिलें तर अक्षरांचे वळ चेहऱ्यावर उमटतात. चित्र चौकटींत बसवितांना कांच त्याला चिकटूं देऊं नये, मध्यें जाड कागदाची पट्टी ठेवावी. नाहीं तर आपल्याकडच्या पावसाळ्यांत दोन-तीन वर्षांतच चित्र कांचेला धरतें, आणि सोडवूं गेल्यास वरचा थर कांचेबरोबर निघून येतो.